पर्वतीच्या पायथ्यापासून कात्रजच्या तळ्यापर्यंत

बंगळूर शहराच्या पूर्वेस, हलसूरच्या जुन्या तळ्यापलीकडे इंदिरानगर नावाचे उपनगर आहे. १९७० नंतरच्या दशकात ते आखले गेले, तेव्हा त्याची ख्याती निवृत्त लोकांच्या टुमदार बंगल्यांसाठी होती. आज तेथे शंभर फुटी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस दुकाने आणि उपाहारगृहे दाटली आहेत, आणि २०११ सालापासून डोक्यावरून मेट्रोची गाडी धावते आहे. आमच्यासारखी मराठी कुटुंबेही येथे पुष्कळ आहेत. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. तेव्हा येथे आम्ही काही अगदीच उपरे नव्हे, असे आम्ही कानडी शेजाऱ्यांना थट्टेने सांगतो आणि तेही ते हसून मान्य करतात.

ह्या इंदिरानगरातील माझा आठ वर्षांचा नातू एका रविवारी बन्नेरघट्ट्याचे प्राणिउद्यान पाहून घरी आला. जाळी लावलेल्या बसमध्ये बसून त्याने मोकळे सिंह पाहिले होते, आणि त्याच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. रात्री जेवताना त्याने मला विचारले, "आजोबा, तुम्ही लहानपणी सिंह पाहायला कुठे जात होता?"

"घराजवळच," मी म्हणालो. "पायी."

त्याचा विश्वास बसला नाही. गावाच्या मधोमध, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, वाघसिंह राहत होते, ही गोष्ट त्याला मी रचलेली वाटली. त्याचे काय चुकले? बंगळुरातील लालबाग आज केवळ वनस्पतींचे उद्यान म्हणून प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथेही प्राण्यांचे पिंजरे होते, हे त्या बागेत रोज फिरावयास जाणाऱ्यांपैकी तरी कितीजणांस ठाऊक असेल? शहरे वाढत गेली तसतसे प्राणी वेशीबाहेर गेले, आणि मागे राहिलेल्या जागी आपण बाके मांडून बसलो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नातवाला घेऊन पुण्यास गेलो, तो ह्या संभाषणामुळे. वाचकहो, आपणांपैकी ज्यांचे बालपण पुण्यात गेले त्यांना 'पेशवे पार्क' एवढे दोन शब्द पुरेत. इतरांसाठी मात्र ती कथा जरा मुळापासून सांगावी लागेल.

पुण्याच्या दक्षिणेस पर्वतीची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास एक मोठे तळे बांधविले. कात्रजच्या डोंगराकडून येणारा आंबील ओढा ह्या बाजूने वाहत होता. त्याचे पाणी अडवून हे तळे झाले, आणि त्यात मध्यभागी एक बेट राखण्यात आले. त्या बेटावर पुढे गणपतीचे देऊळ उभे राहिले. तळे कालांतराने आटले, बुजविले गेले आणि तेथे सारसबाग झाली. परंतु जुने पुणेकर त्या देवाला अजूनही तळ्यातला गणपती म्हणतात. पाणी गेले तरी नाव राहते, ह्याचे हे एक उदाहरण.

ह्याच परिसरात पेशव्यांचा शिकारखाना होता. शिकारखाना हा शब्द आज फसवा वाटेल. तेथे शिकार होत नसे. शिकारीस उपयोगी पडणारी आणि नवलाईची म्हणून दूरदेशांहून आणलेली जनावरे तेथे बाळगली जात. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत त्याला विशेष बहर आला. चाळीस दिवसांचे असताना ज्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली आणि ज्यांचे सारे आयुष्य नाना फडणिसांच्या करड्या देखरेखीखाली गेले, त्या ह्या तरुण पेशव्यांना जनावरांचा अतोनात नाद होता. पुणे दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट ह्याने लिहून ठेवलेली एक हकीकत मोठी मौजेची आहे. पेशव्यांच्या पदरी काही काळवीट होते. वाद्यांचा सूर ऐकू आला की ते जवळ येत आणि झोपाळ्यावर चढून झोके घेत. काळविटासारखा बुजरा प्राणी झोपाळ्यावर! त्याला हे शिकविण्यास किती दिवस लागले असतील आणि त्या दिवसांत त्याचे काय झाले असेल, हा प्रश्न त्या काळी कोणाच्या मनात आला नसावा.

त्या शिकारखान्याचा एक साक्षीदार मात्र आजही शिल्लक आहे. पुण्याचा एक गुणी चित्रकार, गंगाराम तांबट, मॅलेटसाठी चित्रे काढीत असे. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली चित्रे अभ्यासकांस परिचित आहेत. ह्या गंगारामाने १७९० सालच्या नोव्हेंबर महिन्यात पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा समोर पाहून रेखाटला. पेशवे तेव्हा अवघे सोळा वर्षांचे होते. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहात आहे. पुण्याचा गेंडा पुण्यात कोणाला आठवत नाही. त्याचे चित्र समुद्रापार जपले गेले. पाच वर्षांनी, १७९५ मध्ये, सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून वारले. त्यांचे वय एकवीस होते.

पेशवाई १८१८ साली संपली आणि शिकारखान्याचेही नाव पुसले गेले. पुढल्या काळात आपल्या देशात जी प्राणिसंग्रहालये निघाली, त्यांच्या पाठीशी बहुधा सरकार असे किंवा संस्थानिक. मुंबईचा राणीचा बाग १८६२ साली लोकांस खुला झाला. बडोद्याचा कमाटीबाग १८७९ चा, गायकवाडांचा. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ चे, चामराजेंद्र वडियारांचे. राजांनी हौस केली आणि प्रजेने ती पाहिली, असा हा साधारण क्रम होता.

पेशवे पार्कचे वेगळेपण नेमके येथे आहे. पुणे नगरपालिकेची महानगरपालिका झाली ती १९५० साली, आणि अवघ्या तीन वर्षांत, १९५३ मध्ये, ह्या नव्या महापालिकेने पर्वतीच्या पायथ्याशी, सारसबागेला लागून, स्वतःचे प्राणिसंग्रहालय काढले. तेव्हा पुण्याची वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर होती. आजच्या मानाने ते लहानसेच शहर म्हणावयाचे. नळ, दिवाबत्ती आणि रस्ते ह्यांचीच ज्या संस्थेस रोज विवंचना, तिने वाघ पाळावयाचे ठरविले, ह्यात थोडे धाडस होते आणि थोडे भाबडेपणही. नाव पेशव्यांचे दिले खरे, पण हे संग्रहालय कोणा पेशव्याचे नव्हते. ते गावाचे होते. घरपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचा त्या वाघात काही अंश होता, असे माझे आजोबा म्हणत. आणि आमची घरपट्टी पाहता आमच्या वाट्यास एखादी मिशी येईल, असेही तेच म्हणत.

आम्ही शुक्रवार पेठेत राहत होतो. रविवारी दुपारची ऊन्हे कलली की आजोबा काठी घेऊन निघत आणि आम्ही तिघे भावंडे त्यांच्या मागे. टिळक रस्त्याने जावयाचे, स. प. महाविद्यालय उजवीकडे की डावीकडे ह्यावर भांडावयाचे, आणि पर्वतीचे शिखर दिसू लागले की धूम ठोकावयाची. दाराशी भुईमुगाच्या शेंगांच्या पुड्या मिळत. आत सारा बाग सुमारे सात एकरांचा. तेवढ्यात वाघ, सिंह, अस्वले, माकडे, हरणे, मगरी, मोर आणि हत्ती असे सारे गोकुळ नांदत होते. पेठांतील मुलांना जंगल म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. हेच आमचे जंगल.

आणि फुलराणी! १९५६ साली बागेत ही छोटी आगगाडी सुरू झाली. झाडांमधून, पिंजऱ्यांच्या कडेने वळसा घेत ती धावे. तिच्यात बसण्यासाठी लागलेल्या रांगेत कोणाचा बाप कारकून आणि कोणाचा हमाल हे कळत नसे. आमच्या शेजारच्या बाई कधी मुंबईसही गेल्या नव्हत्या. त्यांचा पहिला आगगाडीचा प्रवास फुलराणीतून झाला आणि त्याचे त्यांना कौतुक होते. पुण्यात निदान दोन पिढ्या अशा आहेत की ज्यांनी सिंहाची गर्जना आणि गाडीची शिट्टी ह्या दोन गोष्टी एकाच दुपारी प्रथम ऐकल्या.

येथवर लिहून थांबता आले असते तर मला आवडले असते. परंतु नातवाला ही कथा सांगताना मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. वाघाच्या पिंजऱ्यासमोर मी तासन्‌तास उभा राहत असे. वाघ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाई, वळे, पुन्हा येई. पावले मोजलेली, वळण्याची जागा ठरलेली. आम्हांला वाटे तो आपल्याला ऐट दाखवितो आहे. वस्तुतः कोंडलेल्या जनावराचे मन थकले म्हणजे ते असे करते, हे मला फार उशिरा समजले. माकडांना शेंगा टाकणे हा आमचा हक्कच होता; शेंगा संपल्या की खडे. आजोबांनी एकदा माझा हात धरून खडा खाली टाकावयास लावला. ते काही बोलले नाहीत. मी रागावलो होतो, हेही आठवते.

ह्याचा दोष एकट्या पेशवे पार्कला देणे अन्यायाचे होईल. त्या काळी देशोदेशी हीच रीत होती. जर्मनीत कार्ल हागेनबेक ह्याने १९०७ सालीच हांबुर्गजवळ गजांऐवजी खंदक खणून, जनावरे मोकळ्यावर ठेवण्याची युक्ती दाखवून दिली होती. पण तिला जागा लागते आणि पैसा लागतो. सात एकरांत खंदक कोठे खणणार? बाग होता तेवढाच राहिला आणि भोवतीचे पुणे वाढत गेले. सारसबागेसमोर रहदारीची गर्दी झाली. जी जवळीक आम्हां मुलांचे सुख होते, तीच जनावरांची यातना झाली: रात्रंदिवस गाड्यांचा आवाज, धूर, आणि सणासुदीला फटाके.

मग कायदाही बदलला. वन्य जीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. त्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि पुढील वर्षी केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. कोणत्या प्राण्यास किती जागा हवी, त्याला आडोसा, पाणी, वैद्य कसा असावा, ह्याचे नियम आले. ते न पाळणाऱ्या संग्रहालयास मान्यता मिळेना. देशातील अनेक गावांच्या लहान लहान प्राणिसंग्रहालयांपुढे तेव्हा दोनच वाटा राहिल्या: जागा बदलणे किंवा बंद होणे.

पुण्याने जागा बदलली. सातारा रस्त्यावर कात्रज येथे नीलिमकुमार खैरे ह्यांच्या पुढाकाराने १९८६ पासून सर्पोद्यान चालू होते. हे खैरे म्हणजे १९८० साली काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसह ७२ तास राहून दाखविणारे गृहस्थ. साप डिवचल्याशिवाय चावत नाही हे लोकांस पटविण्याचा त्यांचा हा मार्ग होता. तो इतरांनी अनुसरावा असे मी म्हणणार नाही. ह्या सर्पोद्यानाशेजारी नवे प्राणिसंग्रहालय उभारण्याचे ठरले आणि १९९९ मध्ये राजीव गांधी प्राणिसंग्रहालय ह्या नावाने ते सुरू झाले. पर्वतीच्या पायथ्याचे प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे नेण्यात आले, आणि २००५ पर्यंत जुने पिंजरे रिकामे झाले. त्या जागी पुढे ऊर्जेविषयी मुलांस शिकविणारे उद्यान केले गेले. फुलराणी मात्र प्राण्यांबरोबर गेली नाही. ती तेथेच राहिली.

आम्ही प्रथम तिकडेच गेलो. नातवाचा हात धरून मी त्याला वाघाची जागा दाखवू लागलो आणि मलाच ती सापडेना. झाडांवरून अंदाज बांधला, तर झाडे मोठी झालेली. अंतरावरून बांधला, तर अंतरे लहान झालेली. लहानपणी मला तो बाग मैलभर पसरलेला वाटे. आता चार पावले टाकली की भिंत येई. "एवढ्यात सगळे प्राणी?" नातवाने विचारले. त्याच्या बोलण्यात नवल होते, टीका नव्हती. तरी मी गप्प राहिलो. गाडी फलाटाला उभी होती, तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "ही खूपच छोटी आहे." मी म्हणालो, "आम्हीही छोटे होतो."

दुसऱ्या दिवशी स्वारगेटहून बसने कात्रजला गेलो. सात-आठ किलोमीटरांचे अंतर; रहदारी असेल तर त्याचा चांगला प्रवास होतो. कात्रजचे उद्यान १३० एकरांचे आहे, आणि त्यांतील ४२ एकर एकट्या तळ्याने व्यापले आहेत. ह्या तळ्याची गोष्ट कळल्यावर मला जे वाटले ते आपणांस सांगितलेच पाहिजे. हे तळेही नानासाहेब पेशव्यांनीच बांधविलेले. येथून जमिनीखालून दगडी बांधणीचा नळ काढून त्यांनी कित्येक मैल पाणी पुण्यात, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेले. नळात माणूस उतरून साफसफाई करू शकेल एवढी उंची. हवेसाठी ठिकठिकाणी बांधलेले उच्छ्वास. आमच्या लहानपणी शुक्रवार पेठेत ज्या हौदांच्या नावांवरून पत्ते सांगितले जात, त्यांचे मूळ हे. आणि जो आंबील ओढा पर्वतीखालच्या तळ्यास पाणी पुरवीत होता, तोही ह्याच डोंगरातून उतरतो. म्हणजे पेशवे पार्कचे वाघ परक्या मुलखात गेले नव्हते. ते त्याच ओढ्याच्या काठाने वर, उगमाच्या दिशेस गेले होते. ही योजना कोणी मुद्दाम केली असेल असे नाही. तरी मला तिचा आनंद झाला.

उद्यान पाहावयाचे तर सकाळी लवकर जावे. रस्ते रुंद आहेत, सावली बरी आहे, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी विजेवर चालणाऱ्या गाड्या आहेत. प्राण्यांच्या जागा मोठ्या, खंदकांनी वेगळ्या केलेल्या. परिणाम असा की पुष्कळदा प्राणी दिसतच नाहीत. वाघाच्या आवारासमोर आम्ही अर्धा तास उभे होतो. गवत हलले, एक कान दिसला, पुन्हा गवत. आमच्या शेजारी एक कुटुंब होते, गृहस्थ चिडून म्हणाले, "तिकीट काढून गवत पाहायचे का?" त्यांच्या मुलाने कठड्यावर हात आपटले, शिट्टी घातली. वाघ काही आला नाही. मला आतून फार बरे वाटले. माझ्या बालपणीच्या वाघाला अशी पाठ फिरविण्याची सोय नव्हती.

काळवीट मात्र मनसोक्त पाहिले. उघड्या मैदानात त्यांचा कळप उभा होता. काळा नर, पिळदार शिंगे मागे टाकून, मान ताठ. कशाने तरी तो दचकला आणि सारा कळप उधळला. उडी, उडी, पुन्हा उडी, जमिनीचा जणू चटका बसतो आहे. मी नातवाला सवाई माधवरावांच्या झोपाळ्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "पण मग ते उडी कधी मारत होते?" मॅलेटसाहेबाने ह्याचे उत्तर लिहून ठेवलेले नाही.

कात्रज म्हणजे स्वर्ग, असे समजण्याचे कारण नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात थोड्याच दिवसांत तेथील पंधराहून अधिक चितळे दगावली. लाळ्या-खुरकुताची ती साथ होती. जागा मोठी असली तरी कोंडलेल्या कळपात रोग शिरला की पळावयास वाट नसते. एकदा आपण प्राणी सांभाळावयास घेतला म्हणजे त्याचे पाणी, त्याचा चारा, त्याचा आजार, सारे आपल्या अंगावर येते, मग पिंजरा लहान असो की मोठा. आजोबांनी घरपट्टीतील मिशीचा हिशेब केला होता, तो विनोद असला तरी हिशेब बरोबर होता.

आणि एक गोष्ट कात्रजला हरवली आहे, तीही नोंदविली पाहिजे. पेशवे पार्कमध्ये पेठेतील मूल एकटे, खिशात फारसे काही नसताना, पायी जाऊ शकत होते. शाळा सुटल्यावर हत्तीला भेटून घरी येणारी मुले मला ठाऊक आहेत. मीच त्यांपैकी एक. कात्रजला जावयाचे तर बस, वेळ, मोठे माणूस आणि बेत लागतो. शहरातील गरीब मुलाच्या दृष्टीने वाघ सात-आठ किलोमीटर दूर गेला, आणि हे अंतर लहान नव्हे. वाघासाठी ते अंतर आवश्यकच होते, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही शाळांनी वर्षातून एक सहल तिकडे न्यावी आणि बसचे भाडे मुलांकडून घेऊ नये, एवढे मला तेथे उभा असताना वाटले.

उन्हे चढली तेव्हा आम्ही तळ्याच्या बाजूस येऊन बसलो. पाण्यावर पक्षी उतरत होते. नातवाने बॅगेतून वही काढली आणि तळ्याचा, ओढ्याचा, पर्वतीचा असा एक नकाशा काढला. त्यात पर्वतीच्या पायथ्याशी त्याने एक लहानसा चौकोन काढून त्यात वाघ बसविला. मग रबराने तो खोडला, ओढ्याच्या कडेने वर वर एक रेघ ओढली, आणि तळ्याशेजारी पुन्हा वाघ काढला. ह्या वेळी चौकोन नव्हता. गेंडा कोठे काढू, असे त्याने विचारले. मी म्हटले, तो अमेरिकेत आहे. मग त्याने पानाच्या अगदी कडेला, समुद्र म्हणून निळे फराटे मारून, पलीकडे एक गेंडा काढला.

वही आता इंदिरानगरच्या घरी आहे. आपण पुण्यास गेलात तर दोन्ही जागा एकाच फेरीत पाहाव्यात, आणि शक्य तर आधी पर्वतीखालची. कात्रजचे उद्यान बुधवारी बंद असते हेही ध्यानात ठेवावे. आम्ही ते ठेवले नाही, आणि पहिल्या दिवशी दारावरूनच परत फिरलो. जुनी जागा प्रथम पाहिली गेली ती खरे म्हणजे त्यामुळे.